राजवाडा बघायला

साठी ओलांडलेल्या बाईला बघायला कुणी येत नाही. म्हणून आम्हीच निघालो होतो. गाडी धाकटा भाऊ चालवत होता, त्याच्या शेजारी मी आणि मागच्या सीटवर भावजय. तिच्या एका बाजूला भडंगाची पिशवी, दुसऱ्या बाजूला चटणीची, आणि मांडीवर मटणाच्या लोणच्याची बरणी. कोल्हापूर मागं पडलं, रत्नागिरीचा रस्ता लागला, तरी तिचं बोलणं काही थांबलं नव्हतं.

"आक्का, परत एकदा सांगा. ते नेमकं काय म्हणाले?"

"राजवाडा बघायला या, म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे सरळ न्हाई. कोल्लापूरच्या माणसाला कुणी राजवाडा बघायला बोलवतंय व्हय? आपल्याकडं काय राजवाड्यांचा दुष्काळ पडलाय?"

"राजवाडा म्हणजे राजवाडा," भाऊ समोर बघत म्हणाला. "तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी वेगळंच दिसतंय."

"तुम्ही गाडी चालवा," भावजय म्हणाली.

मी आरशात बघून सकाळपासून तिसऱ्यांदा केस सारखे केले.

मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. जन्मभर मैदानावर ओरडून माझा आवाज असा झाला आहे की मी हळू बोलले तरी शेजारच्यांना कळतं. आमचं आजोळ कुरुंदवाडचं. तिथं कृष्णेत मामानं मला पाठीला भोपळा बांधून सोडलं आणि मी चालायला शिकावं तशी पोहायला शिकले. पुढं आई लवकर गेली. भाऊ तेव्हा शाळेत होता. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याचा ताप, सगळं माझ्याकडं आलं. माझी स्थळं यायची आणि "अजून थोडं थांबू" म्हणून परत जायची. मग यायची थांबली. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. शाळा होती, पोरी होत्या, सामने होते. भावाचं लग्न झालं, घरात भावजय आली आणि घरातला माझा आवाजही कमी वाटायला लागला, इतकी ती बोलायची.

निवृत्त झाल्यावर मी सकाळी पोहण्याच्या तलावावर बायकांना शिकवायला जायला लागले. त्याच तलावाच्या कमी खोलीच्या भागात एके दिवशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ उतरले. खांद्यावर टॉवेल शालीसारखा घेतलेला. तो त्यांनी पाण्यात उतरेपर्यंत काढला नाही. उतरल्यावर दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एक एक पाऊल टाकत खेकड्यासारखे आडवे चालायला लागले.

"पावणं, कठडा सोडा!" मी लांबनं ओरडले.

त्यांनी मागं वळून बघितलं. कोणाकडं पाहुणे आलेत, असा त्यांचा चेहरा. आपल्यालाच हाक मारली हे कळल्यावर त्यांनी कठडा आणखी घट्ट धरला.

मी जवळ गेले. ते मूळचे रत्नागिरीचे. गुडघ्याच्या उपचारासाठी कोल्हापुरात पुतण्याकडं येऊन राहिले होते आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं.

"पोहता का?"

"नाही."

"समुद्राकाठचा माणूस आणि पोहता येत नाही?"

"समुद्र बघण्यासाठी असतो, बाई," ते अगदी शांतपणे म्हणाले. "त्यात शिरायचं कशाला?"

पुढं कळलं की हा माणूस आयुष्यभर मासेमारी खात्यात नोकरीला होता. मी इतकी हसले की खोल पाण्यातल्या बायका काठाला येऊन काय झालं म्हणून विचारायला लागल्या. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "खात्यात मासे होते, ताटात मासे होते. पाण्यात त्यांच्यामध्ये जाऊन बसण्याची कधी वेळ आली नाही."

गुडघा बरा व्हायला बराच काळ लागला. तेवढ्या काळात मी त्यांना कठडा सोडायला लावला, पाण्यात तोंड घालायला लावलं आणि शेवटी पाठीवर तरंगायला लावलं. त्यांच्या पाठीखाली माझा हात होता. तो मी हळूच काढून घेतला. ते आभाळाकडं बघत पडून राहिले.

"बाई, मी तरंगतोय का?"

"व्हय की!"

"मग आता मला उठवू नका."

त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला त्याच सुमारास कळलं. मूलबाळ नव्हतं. घरी थोरली बहीण होती. तीही एकटी राहिलेली, म्हणून भावाकडं आलेली. एवढं सांगून ते एके दिवशी रत्नागिरीला निघून गेले. तलाव तोच, पाणी तेच, पण मला सकाळी उठायचा कंटाळा यायला लागला. मी म्हटलं, वय झालं.

मग फोन सुरू झाले. ते संध्याकाळी फोन करायचे. आज बाजारात बांगडा कसा आला, जेट्टीवर वारा कसा होता, ताईंनी कुणाला काय सुनावलं, असलं सगळं ते हळू आवाजात सांगायचे. माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. त्यामुळं आमच्या घरात निम्मं संभाषण सगळ्यांना ऐकू जायचं आणि उरलेलं निम्मं भावजय मनानं जुळवायची. फोन वाजला की ती टीव्हीवरची मालिका बंद करायची. जी बाई लाईट गेल्यावरसुद्धा मालिकेसाठी इन्व्हर्टरवाल्या शेजाऱ्यांकडं जाते, ती बाई. आणि एका संध्याकाळी ते म्हणाले, "आमच्याकडे एक राजवाडा आहे. बघायला याल का? घरच्यांना घेऊन या." मी जोरात म्हटलं, "राजवाडा?" स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं.

आंबा घाटात भावजय प्रथमच गप्प झाली. वळणांनी तिला मळमळायला लागलं होतं. तिनं बरणी माझ्याकडं दिली आणि डोळे मिटून घेतले. "देव पावला," भाऊ पुटपुटला. मी मागं हात करून तिला चोखायला लिंबू दिलं. घाट संपला, सपाट रस्ता लागला, भावजय पुन्हा बोलायला लागली.

राजवाड्याच्या फाटकाशी ते उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नव्या चपला. शेजारी त्यांची थोरली बहीण, ठेंगणी, सुती साडीतली. थंडीचे दिवस असूनही हातात छत्री. आम्ही उतरलो तशी ताईंनी भावजयीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि छत्रीचं टोक माझ्याकडं करून आपल्या भावाला विचारलं, "ह्या का त्या?"

"ताई..." ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. साठीच्या पुढच्या माणसाचे कान लाल होतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

भावजयीनं पुढं होऊन बरणी दिली. "मटणाचं लोणचं हाय. घरचं."

"आज गुरुवार," ताई म्हणाल्या.

भावजयीचं तोंड उतरलं. ताईंनी बरणी उलटसुलट करून बघितली, झाकण घट्ट आहे ना याची खात्री केली आणि ती आपल्या पिशवीत ठेवत म्हणाल्या, "बरणीला काय वार नसतो हो." तिथनं त्या दोघींची जी गट्टी जमली, ती आजतागायत आहे.

राजवाडा लाल दगडाचा, उतरत्या छपरांचा, कोरीव लाकडी खिडक्यांचा. आपल्याकडच्या राजवाड्यांसारखा छाती पुढं काढून उभा नाही. कुणीतरी दुसऱ्या देशातनं आणून इथं टेकडीवर हळूच ठेवल्यासारखा दिसतो. आणि गोष्टही तशीच आहे. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी त्याच्या मुलखातनं उचललं आणि पार इथं आणून ठेवलं. ते आम्हाला हे सगळं हळू आवाजात समजावून सांगत होते. राजा इथनं समुद्राकडं बघत बसायचा म्हणतात, असं ते म्हणाले.

"मग पळून का न्हाई गेला?" भावजयीनं विचारलं. "पोहता येत नव्हतं काय?"

"राजा हो तो," ताई म्हणाल्या. "राजे कुठे पोहतात?" आणि मग आपल्या भावाकडं एक नजर टाकून, "आमचा हा पण त्यातलाच."

खालच्या दालनांतल्या जुन्या मूर्ती बघून झाल्या. जिन्यापाशी आल्यावर ताई थबकल्या. "मला जिना झेपत नाही. तुम्ही दोघं वर जाऊन या. ह्या थांबतील माझ्याजवळ." भावजयीनं लगेच मान हलवली. भाऊ मात्र चांगला पहिल्या पायरीवर चढला होता. तिनं त्याचा शर्ट मागनं धरला. "तुमचं काय हाय वर?"

"राजवाडा बघायला आलोय ना आपण?"

"खालनं बघा."

आम्ही दोघं वर गेलो. त्यांचा गुडघा जिन्यात कुरकुरत होता आणि मी सवयीनं "सावकाश, वजन उजव्या पायावर" असं सांगत होते. वर मोठं दालन होतं, रिकामं, आणि एका बाजूची खिडकी उघडी. मी खिडकीशी गेले. खाली माडांचे शेंडे, पलीकडं खाडी आणि खाडी जिथं संपते तिथनं पुढं नुसता समुद्र. उन्हात चकाकणारा.

समुद्र मी आधी पाहिला नव्हता असं नाही. शाळेच्या सहलींबरोबर कितीदा तरी आले होते. पण सहलीत मी नेहमी समुद्राकडं पाठ करून उभी असायची. पोरी पाण्यात जाऊ नयेत म्हणून सगळं लक्ष पोरींकडं. त्या दिवशी माझ्यावर कुणाचीच जबाबदारी नव्हती. मी बघतच राहिले.

ते शेजारी येऊन उभे राहिले. खाकरले. शर्टाची बाही नीट केली. मग म्हणाले, "तुम्हाला इथली हवा मानवेल का?"

"चांगली हाय की हवा!" मी म्हटलं. "आणि एका दिवसाला काय होतंय?"

"मी एका दिवसाबद्दल विचारत नाहीये, बाई."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा खालच्या अंगणातनं, अगदी खिडकीच्या खालनं, भावजयीचा आवाज आला. माझं मोठ्यानं बोललेलं तिनं ऐकलं होतं आणि उरलेलं नेहमीसारखं जुळवलं होतं.

"व्हय म्हणा की, आक्का!"

मला हसू फुटलं. साधं हसू नव्हे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी पोरींना येतं तसलं, दाबलं की नाकातनं बाहेर पडणारं. मी पदर तोंडात धरला. ते आधी घाबरले, मग त्यांनाही आलं. ते हसतात कसे हे मी नीट कधी बघितलं नव्हतं. आवाजच नाही, नुसते खांदे हलतात आणि डोळ्यांतनं पाणी येतं. दालन रिकामं असल्यामुळं माझं हसू भिंतींवर आपटून परत येत होतं आणि ते ऐकून मला आणखी हसू येत होतं. वॉचमन धावत आला.

"ओ आजी-आजोबा! काय चाललंय? म्युझियम आहे हे."

"आजी-आजोबा" ऐकून आम्ही खिडकीची चौकट धरून खालीच बसलो. वॉचमननं आम्हाला सन्मानानं जिन्यापर्यंत पोचवलं.

त्यामुळं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. खाली भावजय आणि ताई दोघी दोन बाजूंनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "उत्तराची घाई नाही," ते मला म्हणाले आणि गुडघा सांभाळत फाटकाकडं चालू लागले.

जेवण त्यांच्या घरी होतं. ताईंनी गुरुवार असूनही आमच्यासाठी मासे केले होते, स्वतः मात्र वरणभातच खाल्ला. भावजय काट्यांशी झगडत होती आणि ताई तिला बोटांनी काटा कसा काढायचा हे शिकवत होत्या. भाऊ मात्र भातात नुसती बोटं फिरवत होता. तो लहान असताना काही बिनसलं की असाच करायचा.

उन्हं उतरल्यावर आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांखाली ताई आणि भावजय सतरंजी टाकून बसल्या. ते गुडघा सांभाळत पाण्याच्या कडेला एका कोळ्याशी बोलायला गेले. भाऊ एकटाच वाळूत लांब जाऊन उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेले.

"काय झालं रे?"

"काय न्हाई."

"लोक काय म्हणतील, त्याचा विचार करतोयस?"

"लोकांचं काय गं." तो वाकून एक शिंपला उचलून बघायला लागला. "तू गेल्यावर माझं ऐकणारं घरात कोण हाय? मी ऑफिसातनं आलो की तू विचारायचीस, आज काय झालं. आता रिटायर झालो तरी विचारतीस. ती काय मला बोलू देती?"

माझा हा धाकटा भाऊ, केस पिकलेला, पोट सुटलेला. पण उभा तसाच होता, डबा विसरून शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा तसा.

"अरे, मी चाललेय कुठं? घाट उतरला की रत्नागिरी. फोन तर हायच की."

"तुझा फोन म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाणार."

"मग चांगलंच. सगळी गल्ली तुला विचारील, आज काय झालं."

तो हसला. मग शिंपला खिशात घालत म्हणाला, "माणूस बरा हाय पण. जेवताना माझ्याकडंच बघत होता. दोनदा विचारलं, मासा आवडला नाही का म्हणून." त्यानं समुद्राकडं हात केला. "जा. पाणी बघून तुझे पाय वळवळायला लागलेत, मला कळतंय."

खरंच वळवळत होते. तोवर त्यांनी त्या कोळ्याला विचारून कुठनं उतरायचं आणि कुठवर जायचं ते ठरवून ठेवलं होतं. पाणी शांत होतं. मी सकाळी साडीखाली कशाला घालतेय हे माझं मलाच न विचारता पोहायचे कपडे घालून आले होते. सुरूंच्या आडोशाला साडी उतरवून भावजयीच्या हातात दिली आणि सरळ चालत पाण्यात शिरले.

"आक्का, अहो आक्का! माणसं बघतायत!" भावजय ओरडली. ताई म्हणाल्या, "बघू देत. जरा बघण्यासारखं आहे."

नदीचं पाणी आपल्याला वाहून नेतं. तलावाचं पाणी गप्प पडून राहतं. हे पाणी मात्र मला उचलत होतं आणि खाली ठेवत होतं, उचलत होतं आणि खाली ठेवत होतं. तोंडात मीठ गेलं, नाकात गेलं, डोळे चुरचुरले. मी हात मारत थोडी आत गेले, परत आले, पाठीवर पडले, कुशीवर वळले. कुणाला शिकवायचं नव्हतं, कुणावर लक्ष ठेवायचं नव्हतं. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बहुतेक शब्द नव्हतेच.

उभी राहून बघते तर ते पाण्यात येत होते. इस्त्रीचा शर्ट, दुमडलेली पँट, नव्या चपला काठावर नीट जोडीनं ठेवलेल्या. पाणी घोट्याशी आलं तेव्हा ते थांबले. गुडघ्याशी आलं तेव्हा परत थांबले. धरायला काही नाही म्हणून दोन्ही हात बाजूला पसरलेले. लाट आली की डोळे मिटायचे. जन्मभर ज्याच्या काठावर राहिले त्या समुद्रात हा माणूस पहिल्यांदा उतरत होता.

मी पुढं झाले. माझ्या कमरेइतक्या पाण्यात आम्ही समोरासमोर आलो.

"हवा मानवेल," मी म्हटलं. "आणि पाणीसुद्धा."

त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात एक मोठी लाट आली. ते माझ्या अंगावर पडले, मी त्यांच्यासकट मागं पडले आणि आम्ही दोघंही खाऱ्या पाण्याचे घोट गिळत, एकमेकांच्या दंडाला धरून उठलो. काठावर ताई छत्री उघडून उभ्या राहून काहीतरी ओरडत होत्या. भावजय माझी साडी झेंड्यासारखी हलवत होती. आणि भाऊ, जो कधी मोठ्यानं हसत नाही, तो वाळूत बसून पोट धरून हसत होता.

लग्न कोल्हापुरात नोंदणी करून केलं. कचेरीतला माणूस कागदावरनं नजर उचलून माझ्या खांद्यामागं बघत म्हणाला, "वधू अजून आली नाही का?" भावजय म्हणाली, "ही काय, समोर उभी हाय की!" तो बिचारा इतका गोंधळला की त्यानं आम्हाला चहा पाजला. तिथनं आम्ही मिसळ खायला गेलो. ताईंनी पहिल्या घासाला डोळे पुसले, दुसऱ्या घासाला नाक पुसलं आणि तिसऱ्याला कट वाढायला सांगितला.

आता पावसाळाभर आम्ही कोल्हापुरात असतो, बाकीचे महिने रत्नागिरीत. ते आता समुद्रात पाठीवर तरंगतात, पण मी शेजारी असले तरच. रत्नागिरीत शेजारच्या दोन-चार बायका माझ्याकडं पोहायला शिकायला येतात. आपापल्या नवऱ्यांना न सांगता आल्यात, असं त्या सांगतात. आणि भाऊ महिन्या-दोन महिन्यांनी एकटाच येतो. "इकडनंच चाललो होतो," म्हणतो. कोल्हापूरहून निघालेला माणूस रत्नागिरीवरनं कुठं चाललेला असतो, हे आम्ही त्याला विचारत नाही. मी चहा ठेवते आणि विचारते, "आज काय झालं?" तो सांगत बसतो. मग ताई पत्ते काढतात. त्या उघडउघड लबाडी करतात आणि भाऊ दर वेळी हरतो. काल तर हुकुमाची राणी त्यांच्या पदरातनं खाली पडली, तरी त्या म्हणाल्या, "वाऱ्यानं आली हो."